एकाच नावाच्या दोघी

लग्न होऊन मी इंदूरहून भोपाळला आले ती थेट सरकारी कारखान्याच्या वसाहतीत. नवरा तिथे इंजिनिअर, मूळचा नाशिककडचा. वसाहतीला स्वतःची शाळा होती, बाजार होता, आणि स्वतःचं हॉस्पिटलही होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई मला भाजी घेताना भेटायच्या. एक्स-रे काढणारे गृहस्थ महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तबल्याला बसायचे. अशा जागेची कुणी भीती बाळगत नाही. मीही बाळगली नव्हती.

पहिल्या बाळंतपणाला इंदूरला जायचं ठरलं होतं. पण सातव्या महिन्यात अंगावरून थोडं गेलं आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. मग आईच इंदूरहून आली, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या सुती साड्यांचं बोचकं घेऊन. मुलगी झाली, ठणठणीत झाली, पण माझं रक्त बरंच गेलं. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "फिकी पडली आहेस. खाऊन पिऊन भरून येतं का बघू. नाहीच आलं तर एखादी बाटली चढवू."

बायकांचा वॉर्ड एकच होता, लांबलचक. अर्ध्यात छातीएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे बाळंतिणी, पलीकडे ऑपरेशनच्या बायका. पलीकडे खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होती. तिचं गर्भाशय काढायचं होतं. माझ्याहून वयाने बरीच मोठी, उंच, गोरी, नैनीतालच्या बाजूची डोंगराकडची. नवरा कारखान्यात क्रेन चालवायचा. तिचं आणि माझं नाव एकच होतं. त्यात नवल काही नाही, ते नाव तेव्हा घरोघरी होतं. पण आडनावही एकच. आमचं आडनाव तिकडच्या डोंगरातल्या ब्राह्मणांतही असतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

आमची ओळख झाली ती डाळीवरून. तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं, म्हणून तिला बिनमिठाची डाळ यायची. ती डाळ पहिल्या दिवशी माझ्यापुढे आली आणि माझी तिच्यापुढे गेली. मी तोंड वाकडं करून ती संपवली. थोड्या वेळाने भिंतीवरून एक चेहरा डोकावला. "बहनजी, आप मेरी दाल खा गईं?" सगळा वॉर्ड हसला. वाढणारी हसली, सिस्टर हसली, मीही टाके दुखेपर्यंत हसले. त्यानंतर ती येता-जाता मला 'हमनाम' म्हणून हाक मारायची.

ती दुपार मला अजून लख्ख आठवते. आई घरी गेली होती, आंघोळ करून माझ्यासाठी खिमट करून आणायला. नवरा कारखान्यात. मुलगी शेजारच्या पाळण्यात नुकती निजली होती. वॉर्डात एकच सिस्टर होती. दुसरी रजेवर, तिसरीला बाळंतपणाच्या खोलीत बोलावून घेतलेलं. ही जी होती ती केरळातली, लहान वयाची, माझ्याहूनही लहान असेल. हिंदी बोलताना सगळ्या गोष्टींना पुल्लिंगी करून टाकायची. सकाळी तिनेच माझ्या मुलीला अंगावर प्यायला शिकवलं होतं, न कंटाळता, पुन्हा पुन्हा तोंड लावून देत.

ती रक्ताची बाटली घेऊन आली. तेव्हा काचेच्या बाटल्या असायच्या. तिने माझं नाव घेतलं, आडनावासकट. मी म्हटलं, "जी."

मला वाटलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ती हीच बाटली. सिस्टरने बाटलीवरचं नाव वाचलं, खाटेच्या पायाशी अडकवलेल्या कागदावरचं नाव वाचलं, मान हलवली. दोन्ही नावं जुळतच होती. सुई लावली, बाटली टांगली, थेंब पडायला लागले. पलीकडून कुणीतरी हाक मारली म्हणून ती गेली.

आधी हातात जळजळलं. सुई टोचली होती तिथून वर, दंडाकडे, कुणी गरम पाणी सोडावं तसं. मी म्हटलं, रक्त असंच चढत असेल. मग कंबर भरून आली, बाळंतपणाच्या कळांसारखी नाही, मागून, दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखी. आणि मग भीती वाटायला लागली.

ही भीती मी आयुष्यात त्याआधी कधी अनुभवली नव्हती. कशाची, ते सांगता येत नव्हतं. वॉर्ड तसाच होता, पंखा फिरत होता, मुलगी झोपली होती. आणि मला आतून खात्री पटत चालली होती की मी आता मरणार. कुणी सांगितल्यासारखी, ठाम खात्री. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की चुकीचं रक्त अंगात गेलं की माणसाला अशी भीती वाटते. कधी कधी ताप आणि थंडीच्याही आधी वाटते, आणि शहाणे डॉक्टर तिला लक्षण मानतात. पण त्या दुपारी मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की मी वेडी होते आहे.

"सिस्टर," मी म्हटलं. आवाज निघाला नाही. पुन्हा म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू उठून आली. "ठंड लग रही है? खून चढ़ता है तो ठंड लगती है, घबराओ मत," असं म्हणून तिने माझ्यावर स्वतःची शाल टाकली. मी कुडकुडायला लागले होते. दातांवर दात आपटत होते, लोखंडी खाट हलत होती. मुलगी जागी होऊन रडायला लागली आणि तिचं रडणं मला फार लांबून ऐकू यायला लागलं. तिच्याकडे मान वळवावी एवढं बळ उरलं नव्हतं.

सिस्टर धावत आली. तिने कपाळाला हात लावला, ब्लँकेट आणलं, ते माझ्या पायांखाली खोचायला लागली. तेवढ्यात भिंतीला वळसा घालून माझी हमनाम आली. हातात प्यायच्या पाण्याचा लोटा. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "सिस्टर, मेरा खून आया कि नहीं? साहब बोले थे दोपहर में चढ़ेगा, कल ऑपरेशन है।"

सिस्टरचे हात ब्लँकेटवरच थांबले. तिने तिच्याकडे पाहिलं. मग वर बाटलीकडे. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्या चेहऱ्यावरून मला कळलं की मघापासून मला जे वाटत होतं ते खरं आहे.

तिने पहिलं काम केलं ते नळी बंद करण्याचं. बाटली उतरवली. सुई तशीच ठेवून नवी नळी आणि सलाइन जोडलं. आणि हे करता करता ती ओरडली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं: "डॉक्टर को बुलाओ! गलत खून गया है! गलत खून गया है!" ती हळूच जाऊन कुणाच्या कानात सांगू शकली असती. गुपचूप बाटली बदलून थंडीचं इंजेक्शन देऊ शकली असती. तिने तसं केलं नाही.

माझं रक्त ओ होतं आणि गेलं होतं बी.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. डॉक्टरीणबाई आल्या, मग फिजिशियन आले. ब्लडप्रेशर खाली गेलं होतं. कुणीतरी खाटेच्या पायाकडची बाजू विटांवर चढवली. इंजेक्शनं दिली. लघवीची नळी घातली. नवरा कारखान्यातून तसाच आला, पायात लोखंडी टोकांचे बूट, हाताला ग्रीस. आई खिमटाचा डबा घेऊन दारात उभी राहिली आणि तिला कुणी आत येऊ देईना.

नळीतून जी लघवी आली ती कोऱ्या चहासारखी होती, लालसर काळी. फिजिशियन नवऱ्याला बाजूला घेऊन सांगत होते, पण मला ऐकू आलं. "फुटलेलं रक्त किडनीत जाऊन बसतं. लघवी होत राहिली तर वाचतील. थांबली तर आपल्याकडे डायलिसिसचं मशीन नाही, बाहेर न्यावं लागेल."

मग त्या खाटेखाली लटकवलेल्या पिशवीकडे आम्ही सगळे बघत बसलो. माझ्या घरात लघवी हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. आता माझी आई, जी जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, वाकून पिशवी बघायची आणि विचारायची, "अहो, वाढली का हो थोडी?" आणि नवरा म्हणायचा, "वाटतं तरी आहे, आई." एकदा बराच वेळ काहीच आलं नाही. मला झोप येत होती आणि मी झोपायला घाबरत होते. वाटायचं, डोळे मिटले तर मी बघत नाही असं पाहून शरीर काम सोडून देईल. मुलीला आई चमच्याने दूध पाजत होती. तिला माझ्याजवळ आणलं की मी तोंड फिरवायची. तिच्याकडे बघितलं तर मला मरण्याची भीती दुप्पट वाटायची.

लघवी सुरू झाली. आधी तशीच काळी, मग विटकरी, मग हळूहळू पिवळी. फिजिशियननी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि ते पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. आई भिंतीकडे तोंड करून रडली.

मी वाचले, पण भीती गेली नाही. साधं ग्लुकोज लावायला आले तरी मी हात छातीशी घट्ट धरून ठेवायची. आईला म्हणायची, "वाच. मोठ्याने वाच." आईला इंग्रजीची नुसती अक्षरओळख होती. ती एकेक अक्षर लावून वाचायची आणि सिस्टर लोक ताटकळत उभे राहायचे. काही चिडायचे. मला त्यांची लाज वाटायची आणि तरी मी हात देत नसे.

घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलचे मुख्य डॉक्टर आले, बरोबर कारखान्याच्या प्रशासनातले एक अधिकारी. अधिकाऱ्यांनी मुलीच्या गालाला बोट लावलं. "रक्त देताना कधी कधी रिअ‍ॅक्शन येते," मुख्य डॉक्टर म्हणाले. "देवाच्या दयेने सगळं निभावलं."

नवरा म्हणाला, "रिअ‍ॅक्शन नाही सर. दुसऱ्याचं रक्त दिलं. तसं लिहून द्या."

"लिहिलंय ना. रक्तामुळे रिअ‍ॅक्शन."

"कुणाचं रक्त, ते लिहा."

अधिकारी मध्ये पडले. "चौकशी होणार आहे. त्या सिस्टरला आम्ही लगेच निलंबित केलंय. तुम्ही निश्चिंत राहा."

मला वाटलं होतं की त्या सिस्टरला घालवलं हे ऐकून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

चौकशी समितीपुढे मला बोलावणं आलं तेव्हा आमच्या घरात खरी भीती शिरली. शेजारचे सीनियर इंजिनिअर संध्याकाळी येऊन बसले आणि नवऱ्याला म्हणाले, "जाऊ दे. तुझी बायको सुखरूप आहे. ते म्हणतात तसं म्हणून मोकळं व्हा. इथेच नोकरी करायची आहे." ते गेल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्हाला प्रमोशनची काळजी वाटते का?"

"प्रमोशन गेलं खड्ड्यात," तो म्हणाला. "अगं, उद्या हिला ताप आला," त्याने मुलीकडे बोट दाखवलं, "तर आपण कुठे नेणार? ज्यांच्याविरुद्ध तू बोलणार, त्यांच्याकडेच ना?"

भोपाळात दुसरी हॉस्पिटलं होती, पण वसाहतीतला माणूस वसाहतीच्याच हॉस्पिटलात जायचा. आमचं घर, पाणी, वीज, शाळा, औषध, सगळं एकाच मालकाचं होतं.

त्याच सुमारास ती सिस्टर आमच्या घरी आली. बरोबर एक वयस्कर सिस्टर होती, तीही केरळातलीच. दोघी वसाहतीबाहेर इंद्रपुरीत एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. मी दार उघडलं आणि तिला पाहताच माझ्या अंगाला कंप सुटला, अगदी त्या दुपारसारखा. तिला आत ये म्हणायचं होतं, पण मी दार धरून उभी राहिले. तीही उंबऱ्याबाहेरच थांबली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं.

"मैडम," ती म्हणाली, "पेशाब ठीक हो रहा है?"

तिने एवढंच विचारलं. मी मान हलवली. आतून आई तावातावाने आली. "आता विचारतेस होय गं? माझी पोर मारली असतीस!" सिस्टरला मराठी कळत नव्हतं, पण सगळं कळलं. तिने मान खाली घातली. वयस्कर सिस्टर म्हणाली, "माताजी, ये कुछ माँगने नहीं आया है। रोज मेरे से पूछता है, वो पेशंट कैसा है। मैं बोला, खुद जाकर देख लो।" मग दोघी गेल्या. आई दार लावून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आदळत राहिली.

चौकशीची खोली प्रशासनाच्या इमारतीत होती. टेबलापलीकडे तिघं: एक डॉक्टर, एक प्रशासनातले, एक कायद्याचं बघणारे. मला पाणी दिलं. नवऱ्याला बाहेर बसवलं. कायदेवाले फार सौम्य बोलत होते. त्यानेच मला जास्त धडकी भरली.

"सिस्टरने तुमचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही 'जी' म्हणालात?"

"हो."

"म्हणजे रक्त आपल्यासाठी आहे हे तुम्ही मान्य केलंत."

मला एकदम दिसलं की या खोलीतून बाहेर जायला दोनच दारं ठेवली आहेत. एकातून सगळा दोष त्या सिस्टरवर जातो, दुसऱ्यातून थोडा माझ्यावर. तिसरं दार कुणी ठेवलेलंच नव्हतं.

"माझं नावच ते आहे," मी म्हटलं. "मी 'जी' नाही तर काय म्हणणार? आणि नाव विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. आम्ही दोघी एकाच नावाच्या आहोत हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. पहिल्याच दिवशी आमच्या डाळीची अदलाबदल झाली होती. सगळे हसले. मीही हसले. त्यानंतरही आम्हाला एकाच वॉर्डात ठेवलं, कागदावर नुसतं नाव लिहून. आणि त्या दुपारी एवढ्या बायकांना बघायला ती सिस्टर एकटीच होती."

"डाळ?" डॉक्टर म्हणाले. तोवर ते काही बोलले नव्हते. "बिनमिठाची डाळ तुम्हाला दिली होती?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कायदेवाले म्हणाले, "ते या विषयाशी संबंधित नाही." डॉक्टर म्हणाले, "आहे. लिहून घ्या."

मग मी सांगितलं की सिस्टर ओरडली म्हणून मी वाचले. ती गप्प बसली असती तर चूक कुणालाच कळली नसती आणि मी गेले असते. एवढं बोलून मी बाहेर आले आणि पायरीवरच्या कुंडीत मला उलटी झाली. नवऱ्याने पाठीवर हात ठेवला. घरी जाईपर्यंत दोघांच्याही डोक्यात एकच होतं, आपण आता काय करून बसलो.

माझ्यानंतर माझी हमनामही जाऊन बोलून आली, हे मला नंतर समजलं. तिने आपलं ऑपरेशन पुढे ढकललं होतं. "किसी और की जगह मुझे टेबल पर सुला दिया तो?" असं नवऱ्याला म्हणाली म्हणे. शेवटी तिने ते जवळच्या मंडीदीप गावी राहणाऱ्या भावाच्या ओळखीने दुसरीकडे करून घेतलं आणि ती बरी झाली.

सिस्टरची नोकरी वाचली. तिला ताकीद मिळाली आणि वॉर्डातून काढून लसी देण्याच्या खोलीत बसवलं. हॉस्पिटलात नवे नियम आले: रक्त लावताना दोघांनी मिळून तपासायचं, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव आणि रक्ताचा गट मोठ्याने वाचायचा, एका नावाचे दोन रुग्ण असले तर वेगळे ठेवायचे आणि खाटेला लाल पट्टी लावायची. चांगलं झालं. पण आम्हाला मिळालेल्या कागदावर 'रिअ‍ॅक्शन' हाच शब्द राहिला. नवऱ्याचं प्रमोशन त्या वर्षी हुकलं, पुढच्या वर्षी झालं. त्याचा आणि माझ्या बोलण्याचा संबंध होता की नव्हता, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आम्ही कुणाला विचारलंही नाही.

मुलगी बालवाडीत जायला लागली त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ज्याची नवऱ्याला भीती होती तेच झालं. आम्ही तिला त्याच हॉस्पिटलात दाखल केलं. मुलांचा वॉर्ड वेगळा होता, माणसं बरीचशी नवी होती. पण फिनेलचा वास तोच, आणि तो नाकात शिरताच माझी कंबर आवळल्यासारखी झाली. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. तिने मुलीचं नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, मनगटावरची पट्टी पाहिली. मला धीर यायला हवा होता. आला नाही. मी पलंगाशी खांबासारखी उभी राहिले. कुणीही जवळ आलं की मुलीचा हात पकडायची, हातातलं औषध मागून घ्यायची, वाचायची, परत वाचायची.

असं दिवसभर चाललं. संध्याकाळच्या ड्युटीला एक पोक्त सिस्टर आली. तिला माझ्याबद्दल कुणी सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे. तिने औषधाची बाटली न मागताच माझ्या हातात दिली, माझं वाचून होईपर्यंत थांबली आणि कोपऱ्यातलं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"डर लगता है?"

"हाँ."

"तो लगने दीजिए। लेकिन बैठ के डरिए। सुबह से खड़ी हैं।"

मी बसले. मुलीचा ताप दोनेक दिवसांनी उतरला आणि आम्ही तिला घरी आणलं.